चौथ्या सोडतीतलं नाव

६ ऑक्टोबर २०२२

दादा,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी, मग समोरच्याची तब्येत विचारावी आणि मगच स्वतःचं रडगाणं गावं, असं आईने आपल्याला शिकवलं. आज मला ते जमणार नाही. हे तिसरं पान आहे, आधीची दोन फाडली.

अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाहीस. दर नव्या वर्षाला क्योतोहून तुझं छापील कार्ड येतं, खाली हाताने लिहिलेलं काही नसतं. मीही तसंच कोरं पाठवते. त्यामुळे हे पाकीट बघून तुला वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. जे गेले ते तेव्हाच गेले.

दक्षिणेतल्या एका गावात ऑगस्टमध्ये नदी शिरली. तिथल्या नगरपालिकेचं आमच्या नगरपालिकेला पत्र आलं, की त्सुनामीनंतर तात्पुरत्या घरांची सोडत तुम्ही ज्या प्रोग्रॅमवर काढलीत तो आम्हाला द्याल का, त्यावर एकही तक्रार आली नव्हती असं ऐकलं. आमचे विभागप्रमुख निइनुमा साहेब ते पत्र नाचवत माझ्या टेबलापाशी आले. "ओनोदेराबाई, तुमची कीर्ती पार दक्षिणेला पोचली. आता विभागाला कॉफी पाजा." मी पाजली सुद्धा. मग जुनी फाईल उघडली. नुसती जोडून पाठवायची होती, पण म्हटलं, माझ्या हातचं आहे, एकदा नजर टाकावी.

बाराव्या ओळीवर माझी नजर अडकली.

तुला सोपं करून सांगते. संगणकाला डोळे मिटून चिठ्ठी उचलता येत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, आम्ही त्याला बी म्हणतो. त्या बीपासून तो पुढचे आकडे काढत जातो. बघणाऱ्याला ते वाटेल तसे उधळल्यासारखे दिसतात, पण बी तीच असेल तर पीक तेच, शंभरदा पेरलं तरी. म्हणून खरी सोडत काढताना बी घड्याळातून घ्यायची, बटण दाबलं त्या क्षणातून, म्हणजे ती आधी कुणालाच कळत नाही. चाचणी घेताना मात्र मुद्दाम एक ठरीव बी टाकतात. दरवेळी तेच उत्तर आलं तर समजायचं, गाडा नीट चाललाय. चाचणी संपली की ती ओळ पुसायची.

मी ती पुसली नव्हती. एप्रिलमध्ये नाही, मे महिन्यात नाही, जूनमध्ये नाही, जुलैमध्ये नाही.

म्हणजे काय झालं ते नीट वाच. दोनशे बारा कुटुंबं होती. प्रत्येकाला नोंदवहीतला क्रमांक होता. प्रोग्रॅम प्रत्येक क्रमांकाला एक छुपा आकडा द्यायचा, आणि ज्यांचे आकडे सगळ्यात लहान त्यांना घर. बी तीच, त्यामुळे चारही वेळा प्रत्येकाला तोच छुपा आकडा मिळाला. आपण म्हणतो चार सोडती झाल्या. एकच झाली, दादा. पहिल्याच दिवशी दोनशे बारा जणांची रांग लागली, आणि पुढचे तीन महिने आम्ही त्याच रांगेतली पुढची माणसं हॉलमध्ये वाचून दाखवत होतो. मागे राहिलेले दरवेळी नव्याने आशा धरून येत होते.

पहिल्या सोडतीत साठ घरं होती, दुसरीत अठ्ठेचाळीस, तिसरीत बावन्न. एकशे साठ झाली. आईचा नंबर रांगेत एकशे त्रेसष्टावा होता. तिसऱ्या सोडतीत ती तीन नावांनी हुकली, आणि चौथीच्या पाच दिवस आधी, बेघर झालेल्या सगळ्यांना ठेवलं होतं त्या व्यायामशाळेच्या जमिनीवर, पुठ्ठ्यावर, न्यूमोनियाने गेली. मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले की नशीब. तुलाही तेच सांगितलं.

बी कुठली होती, विचारशील. असाच काहीतरी आकडा टाकला होता.

तुला कळवायला हवं होतं, म्हणून कळवलं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

कानाए


१४ ऑक्टोबर २०२२

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज पेटी उघडून बघते.

मी निइनुमा साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "कुणाला फायदा करून द्यायला केलं होतं का?"

"नाही."

"कुणाचं नाव मागे-पुढे केलं?"

"नाही."

"मग सोडत सोडतच होती की. पहिल्या दिवशी कुणाला ठाऊक होतं कोण कुठे आहे रांगेत? तुम्हालाही नव्हतं. एकदा काढली काय नि चारदा काढली काय, अन्याय कुणावर झाला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, लोकांनी आता कुठे वर टेकडीवर घरं बांधलीत. जुनी जखम उकरून कुणाचं भलं होणार? ती ओळ पुसा, प्रोग्रॅम दक्षिणेला पाठवा आणि घरी जाऊन गरम पाण्यात बसा."

माणूस वाईट नाही. आणि गंमत म्हणजे हिशेबाने बघितलं तर त्याचं बरोबर आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांना संधी सारखीच होती. हे त्याचं वाक्य घेऊन मी घरी आले आणि दोन दिवस त्याच्यावर काढले. तिसऱ्या दिवशी भात शिजवताना लक्षात आलं, की आईला संधी एकदाच मिळाली आणि आपण तिला सांगितलं की चारदा मिळतेय. ती पुढच्या वेळेच्या भरवशावर थांबली. तू जूनमध्ये तिला क्योतोला न्यायला आला होतास तेव्हा ती काय म्हणाली आठव: "पुढच्या सोडतीत येईलच माझं नाव, कानाएने सांगितलंय. तुझे बाबा सापडले तर मी इथे असायला हवी ना." बाबांचा शोध तेव्हा चालू होता. ती त्यासाठी थांबली, मान्य. पण तुझ्याबरोबर महिनाभर जाऊन परत आली असती. पुढची सोडत तिच्या हातातून जाऊ नये, म्हणून नाही गेली.

आपल्या जेवणाच्या टेबलावरचं ते भांडण आठवतं का? तू विद्यापीठातून पहिल्या सुट्टीत आला होतास, डोकं नियतिवादाने भरून. जग परत पहिल्या क्षणाला नेऊन सोडलं तर सगळं पुन्हा जसंच्या तसं घडेल, हाच चहा याच चटईवर सांडेल, असं तू सांगत होतास. बाबा कालवांच्या शेतीचे दोर वळत बसले होते. म्हणाले, "सगळं ठरलेलंच असेल तर मी कशाला मरमर करतोय?" तू म्हणालास, "तुम्ही मरमर करणार हेही ठरलेलंच आहे." बाबा म्हणाले, "असं? मग भांडी कोण घासणार हेही ठरलंय. ऊठ." आई इतकी हसली की तिला उचकी लागली.

तू ज्या जगाबद्दल बोलायचास ते माझ्या टेबलावर आहे, दादा. मी ते परत पहिल्या क्षणाला नेऊन सोडू शकते. एक बटण दाबलं की नेता येतं. शंभरच्या वर वेळा नेलं. आई दरवेळी एकशे त्रेसष्टावीच निघते. तुझ्या वर्गातल्या पोरांना दाखवायला हे बरं उदाहरण आहे.

आणखी एक सांगते. आईचा नोंदवहीतला क्रमांक बेचाळीस होता. तो तिचा नव्हताच. नोंदणीच्या रांगेत ती एक्केचाळिसावी उभी होती. मागे सुगावारा काका होते, आपल्या गल्लीच्या टोकाला ज्यांचं जाळ्यांचं दुकान होतं ते, पाठीवर अर्धांगवायू झालेली बायको घेऊन. आई म्हणाली, "तुम्ही आधी." काका म्हणाले, "छे छे, तुम्ही." आई वाकली, काका बायकोसकट वाकले, बायको पडता पडता वाचली. तीनदा असं झालं. नोंद करायला मीच बसले होते, बर्फ पडत होता, मागे माणसं खोळंबली होती. मी ओरडले, "आई, काय ते ठरवा पटकन!" आईने काकांना पुढे ढकललं. एक्केचाळीस त्यांचा झाला. एक्केचाळीसला घर पहिल्याच सोडतीत लागलं. काकू त्या घरात चार वर्षं जगल्या. काका अजून आहेत, ब्याऐंशी वर्षांचे, दर हिवाळ्यात माझ्या दाराला वाळवलेल्या केशरी पर्सिमनच्या फळांची माळ अडकवून जातात.

परवा ते दिसले. मी रस्ता बदलला.

कानाए


२३ ऑक्टोबर २०२२

दादा,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. असाच काहीतरी आकडा नव्हता.

सत्तावीस चाळीस शहाण्णव.

बोटांना जो आकडा पाठ होता तो टाकला. एप्रिलचा पहिला आठवडा होता, नगरपालिकेचा वरचा मजला, वीज तीन तास असायची, माझ्या अंगावर दहा दिवसांचे कपडे होते. चाचणीसाठी आकडा हवा होता आणि बोटांनी आपला घरचा फोन लावला. बाबा फोन उचलून आधी नंबर म्हणायचे ना, तोच सूर कानात होता: "सत्तावीस चाळीस शहाण्णव, बोला, कालवं किती हवीत?" घर वाहून गेलं होतं, फोन वाहून गेला होता, बाबा सापडत नव्हते. मला वाटलं, निदान नंबर तरी कुठेतरी वापरात राहील. हे मी तेव्हा मनात खरंच म्हटलं होतं. आता लिहिताना लाज वाटते.

आपल्या घराच्या नंबराने आपल्या आईला मागे ठेवलं.

टेकडीवर घर झालं तेव्हा मी टेलिफोनवाल्यांना गळ घालून हाच नंबर परत मागून घेतला होता. तो आता माझ्या दिवाणखान्यात आहे. मी त्याच्यावर रुमाल टाकून ठेवलाय.

आईला तो प्रोग्रॅम मुळातच पसंत नव्हता. बाजारपेठेच्या वर्षअखेरीच्या सोडतीची ती लाकडी पेटी आठवते? दांडा धरून फिरवायची, आत गोळ्या खडखडायच्या, एक बाहेर पडायची. गोदामाच्या माळ्यावर ती वाचली होती. आई म्हणाली, "तीच वापरा की. आवाज येतो, सगळ्यांना दिसतं." मी तिला काय म्हणाले ठाऊक आहे? "आई, त्या पेटीत कोण कशी गोळी टाकेल याचा भरवसा नाही. संगणकाला नातीगोती नसतात." लोकांनी मान डोलावली. आईनेही डोलावली, पोरगी शिकलेली आहे म्हणून.

पण लोकांना आपला हात लागल्यासारखं वाटावं, म्हणून आम्ही पद्धत पाडली, की दरवेळी वाट बघणाऱ्यांपैकी एकाने पुढे येऊन बटण दाबायचं. आपल्याकडे अशा गोष्टीला कोणी स्वतःहून पुढे येत नाही. तू जा, नको तुम्ही जा, करत अर्धा तास गेला. तिसऱ्या सोडतीत सगळ्यांनी मिळून आईला ढकललं, की ओनोदेराबाई सकाळी सगळ्यांना मिसोचं सूप वाढतात, त्यांच्या हाताला यश असेल.

आईने हात धुतले. एप्रनला कोरडे केले. देवळात उभी राहिल्यासारखी दोन टाळ्या वाजवून वाकली. मग उजव्या हाताचं बोट डाव्या हाताने धरून बटण दाबलं. मी पडद्यावर नावं वाचली. बावन्न. आईचं नव्हतं. आई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बटण कडक आहे गं."

तिने आधीच झालेल्या गोष्टीचं बटण दाबलं, दादा. मी तिच्या शेजारी उभी होते.

चौथीचं तुला माहीत आहे. तू तेव्हा तिथेच होतास. अस्थींचा डबा पांढऱ्या कापडात बांधून पुठ्ठ्यावर ठेवला होतास आणि तिचे मोजे घड्या करत होतास. यादीतून आईचं नाव काढायला माझा हात धजला नाही, आणि तिसरंच नाव कर्ण्यावरून वाचलं गेलं, "ओनोदेरा फुमी." वाचणारी मीच होते. तू मोजे खाली ठेवलेस, माझ्यापाशी आलास आणि म्हणालास, "आता काढलंस होय?" तेवढंच. मग सहाच्या बसने गेलास.

आयुष्यभर पोरांना शिकवलंस की कुणालाच दोष देता येत नाही, प्रत्येक गोष्टीच्या मागे आधीची गोष्ट असते. मला मात्र त्या एका वाक्यात सगळा दोष देऊन गेलास. मी तेव्हा मनात म्हणत होते, मी नियमाने वागले, मी स्वच्छ आहे. त्याच्यावर मी अकरा वर्षं जेवले-झोपले.

दक्षिणेच्या लोकांना उत्तर तीस नोव्हेंबरपर्यंत द्यायचंय.

कानाए


४ नोव्हेंबर २०२२

दादा,

मी बिया बदलून पाहिल्या. करू नये ते केलं. बाबांची जन्मतारीख टाकली, आई पहिल्या सोडतीत. तुझी टाकली, दुसऱ्या. माझी टाकली, पुन्हा चौथ्या. मग प्रोग्रॅमलाच सांगितलं, दहा हजार वेगवेगळ्या बिया टाक आणि मोज. सात हजार पाचशे एक्कावन्न वेळा आई तिसऱ्या सोडतीच्या आत बाहेर पडते. म्हणजे चारातल्या तीन जगांत ती जुलैच्या त्या उकाड्यात व्यायामशाळेत नव्हती. तिला स्वतःचं दार होतं, पंखा होता, मोरी होती. वाचली असती की नाही, कुणास ठाऊक. पण तिथे नव्हती.

हे सगळं तुला सांगतेय ते खरं सांगायचं टाळण्यासाठी, हे एव्हाना मला कळून चुकलंय. तर आता ऐक.

जूनमध्ये तू फोन केला होतास, तिसऱ्या सोडतीच्या आदल्या आठवड्यात. म्हणालास, "कानाए, तू तिथे बसलीयेस. एक नाव वर घेता येत नाही तुला? आई खोकतेय." मी तुला झापलं. म्हटलं, "सगळ्यांच्याच आया खोकताहेत." फोन ठेवला, आणि मग सोडतीच्या दिवशी सकाळी, कोणी आलं नव्हतं तेव्हा, मी प्रोग्रॅम चालवला. नाव वर घ्यायला नाही, हे मी बाबांची शपथ घेऊन सांगते. फक्त बघायला, की समजा आज लागली तर तिचं नाव कसं दिसेल. पहिलं नाव आलं कुदो, मग इकाराशी, मग तो न्हावी हाताकेयामा. आईचं नव्हतं. म्हटलं, ही काय खरी सोडत नव्हे, दुपारी वेगळं निघेल.

दुपारी आईने हात धुतले, टाळ्या वाजवल्या, बटण दाबलं. पडद्यावर पहिलं नाव आलं कुदो. मग इकाराशी. मग हाताकेयामा.

मला दिसलं, दादा. तिसऱ्या नावालाच दिसलं. मला हे काम येतं, तीच तीन नावं त्याच क्रमाने येण्याचा अर्थ काय हे मला एका क्षणात कळलं. आणि पुढच्याच क्षणी मी स्वतःला सांगितलं, योगायोग. समोर कुदोची सून रडत होती, आनंदाने. हाताकेयामाने पोराला खांद्यावर घेतलं होतं. मी "थांबा" म्हटलं असतं तर तिन्ही सोडती रद्द झाल्या असत्या, आधीच्या एकशे आठ कुटुंबांना घरातून परत जमिनीवर आणावं लागलं असतं, आणि सगळे म्हणाले असते की हिच्या आईचं नाव आलं नाही म्हणून हिने खोडा घातला. आई शेजारी उभी होती. मी चौथं नाव वाचलं.

त्या दिवसानंतर मी ती फाईल उघडली नाही. मुद्दाम उघडली नाही. चौथ्या सोडतीच्या वेळी दुसऱ्याला चालवायला लावली, मी नुसती नावं वाचली. अकरा वर्षं मी म्हणतेय नशीब, नशीब, आणि त्या फाईलच्या अंगावरून जाताना मान वळवतेय. काल-परवा मला काही सापडलं नाही. मी फक्त मान वळवायची थांबले.

रविवारी तेराला टेकडीवरच्या समाजमंदिरात बैठक बोलावलीय. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या निवृत्तीला आणखी दहा-अकरा वर्षं आहेत." मी म्हटलं, ठाऊक आहे. मग ते म्हणाले, "खुर्च्या कमी पडतील, मी शाळेतून आणवतो."

कानाए


१५ नोव्हेंबर २०२२

दादा,

तुझं कार्ड पाच तारखेला आलं. मी चार तारखेचं पत्र पेटीत टाकून चोवीस तास झाले होते. तू तीन तारखेला लिहिलंस, म्हणजे माझं शेवटचं पत्र वाचायच्या आधी. ते कार्ड बैठकीच्या दिवशी मी पर्समध्ये घेऊन गेले होते.

बैठकीला नव्वदएक माणसं आली. मी सगळं सांगितलं, बी, बारावी ओळ, आणि ती सकाळ सुद्धा. कागद न बघता सांगितलं. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मिउरा म्हणून एक बाई आहेत, चौथ्या सोडतीतल्या, केशकर्तनालयात काम करतात. त्या उठून म्हणाल्या, "मी दर सोडतीच्या सकाळी थंड पाण्याने केस धुवायचे. पाणी रांगेतून बादलीने आणावं लागायचं. चारही वेळा धुतले." एवढं बोलून बसल्या. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

न्हावी हाताकेयामा म्हणाला, "तू तेव्हा बोलली असतीस तर मी तुला मारलं असतं." मग म्हणाला, "आणि बोलायलाच हवं होतंस." दोन्ही त्याने एकाच आवाजात सांगितलं.

मग सुगावारा काका काठीवर उठले. मला वाटलं, आता हे मला सांभाळून घेणार. ते म्हणाले, "एक्केचाळीस ओनोदेराबाईंचा होता. मी तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा म्हणायला हवं होतं, नाही म्हटलं. मला पाठ दुखत होती." बसले. त्यांच्या शेजारच्या म्हातारीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. निइनुमा साहेब खुर्च्या गोळा करत होते, रिकाम्या नव्हत्या त्याही.

दक्षिणेला मी प्रोग्रॅम पाठवला नाही. सगळी हकिकत लिहून पाठवली, आणि खाली लिहिलं, की आमच्या गोदामात एक लाकडी पेटी आहे, दांड्याची, हवी असल्यास पाठवतो, आवाज येतो आणि सगळ्यांना दिसतं. त्यांचं अजून काही आलं नाही. माझ्या नोकरीचंही काही कळलेलं नाही.

आता तुझं कार्ड. अकरा वर्षांत प्रथमच छापलेल्याच्या खाली हाताने लिहिलंयस. अक्षर बाबांच्या वळणावर चाललंय तुझं. "कानाए, तुझा दोष नाही. दहा दिवसांच्या कपड्यांत, विजेच्या तीन तासांत, त्या बोटांकडून दुसरा आकडा निघूच शकला नसता. सगळं ठरलेलं होतं. मी त्या दिवशी जे बोललो ते मी बोलायला नको होतं."

अशी वाक्यं मी अकरा वर्षं रोज ऐकायला तरसले, दादा. देवघरातल्या आईच्या फोटोपुढे बसून तुझ्या आवाजात म्हणून बघायचे. आता ती हातात आलीत आणि मी ती तुला परत करतेय. बीचं तू म्हणतोस तसं असेल. बोटांनी टाकली, मी झोपेत होते, चल, ठरलेलं होतं. पण कुदो, इकाराशी, हाताकेयामा एवढं वाचून झाल्यावर चौथ्या नावाच्या आधी मी श्वास घेतला. तेवढी जागा होती. आई माझ्या शेजारी हात पुसत उभी होती. त्या जागेत काय करायचं हे कुठल्याही बाराव्या ओळीत लिहिलेलं नव्हतं. तिथे मीच होते. तू तिथेही मला सोडवशील, तुझ्या पुस्तकांत त्यालाही उत्तर असेल. नको. तेवढं माझ्याकडे राहू दे. तेही घेतलंस तर मग आईच्या शेजारी त्या दिवशी कोणीच उभं नव्हतं असं होईल.

तुला चार तारखेचं पत्र सातला मिळालं असणार. त्यानंतर काही नाही.

दहा तारखेला संध्याकाळी पाचला फोन वाजला, तुझा शेवटचा तास सुटतो त्या वेळेला. मी रुमाल काढून उचलला. पलीकडे कोणी बोललं नाही, फक्त मागे सायकलींच्या घंटा वाजत होत्या. काल परत वाजला, त्याच वेळी. मी "कोण आहे" म्हटलं आणि ठेवला गेला.

हा नंबर आता फक्त तुलाच पाठ आहे. तूच असशील तर पुढच्या वेळी बोल. जे तेव्हा बसस्टॉपवर बोलायचं राहिलं ते बोल. शिव्या घाल, रडायचं असेल तर रड, पण मला माफ करायची घाई करू नकोस. पाचला मी फोनपाशीच असते. मी ठेवणार नाही.

कानाए